आधी ओळ, मग कागद: मन शांत ठेवणाऱ्या मंत्राचं हाताने बनवलेलं ग्रीटिंग कार्ड

अशा कार्डाचं चित्र कितीही देखणं असलं, तरी घालमेल सुरू झाली की उपयोगी पडते ती आतली ओळ, म्हणजेच मंत्र. म्हणून कात्री हातात घेण्याआधी ओळ पक्की करावी. ओळीची लांबी ठरली की अक्षरांचा आकार ठरतो आणि त्यावरून कागदाचं माप.

ओळ लिहिताना पहिली कसोटी ही, की वाचणाऱ्याला ती खरी वाटली पाहिजे. 'मी अत्यंत शांत आणि सामर्थ्यवान आहे' हे वाक्य छाती धडधडत असताना कुणालाच पटत नाही. मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांचा स्वतःवरचा विश्वास मुळातच कमी होता त्यांना स्वतःची स्तुती करणारं वाक्य घोकल्यावर उलट जास्त वाईट वाटलं होतं. 'घाबरू नकोस', 'काळजी करू नकोस' हेही टाळा. एखाद्या गोष्टीचा विचार करायचा नाही असं ठरवलं की तीच डोक्यात येत राहते, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 साली, लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगून केलेल्या प्रयोगातून दाखवलं होतं. त्यामुळे नकार नको, बढाई नको. आत्ता, इथे करता येईल अशी साधी गोष्ट सांगा: 'एका वेळी एकच काम', 'खांदे सैल, जबडा सैल', 'आजचं आज, उद्याचं उद्या'.

दुसरी कसोटी श्वासाची. ओळीचे दोन भाग करा, पहिला श्वास घेताना म्हणायचा आणि दुसरा सोडताना. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून दुसरा भाग लांब हवा. 'पाय जमिनीवर, मी इथेच आहे, सावकाश' ही ओळ घ्या. पहिल्या भागात सात अक्षरं, दुसऱ्यात दहा. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असं मिनिटाला सहा वेळा होतं, आणि हा वेग बहुतेकांना मानवतो. गरगरलं तर श्वास फार खोल घेतला जातोय असं समजावं आणि नेहमीसारखा श्वास घ्यावा. ओळ आधी स्वतः मोठ्याने म्हणून पाहा. जीभ अडखळली तर शब्द बदला; जोडाक्षरांची गर्दी असलेली ओळ घाईत म्हणता येत नाही.

दुसऱ्यासाठी लिहीत असाल तर आज्ञा टाळा. 'शांत हो' हे सांत्वन वाटत नाही, दटावल्यासारखं वाटतं. वडीलधाऱ्यांना तर आज्ञार्थ शोभतच नाही. त्या व्यक्तीच्या तोंडचा एखादा नेहमीचा शब्द ओळीत आला तर ओळ पटकन आपली वाटते.

आता कागद. ग्रीटिंग कपाटात जातं, ओळ मात्र हाताशी हवी. म्हणून घडीचं कार्ड आणि त्यात अडकवलेली, काढून पाकिटात ठेवता येईल अशी छोटी चिठ्ठी, ही रचना आम्हाला सगळ्यांत उपयोगी वाटते. ए4 आकाराची 250 जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्डशीट घ्या. 200च्या खालचं कार्ड नीट उभं राहत नाही, 300च्या वरचं घडीवर फुटतं.

घडी फुटण्याचं खरं कारण बहुतेकदा कागदाच्या तंतूंच्या दिशेत असतं. शीट न दुमडता आधी लांबीच्या आणि मग रुंदीच्या दिशेने हलकेच वाकवून बघा. जिथे कमी जोर लागतो, तिथे तंतू वाकवलेल्या रेषेला समांतर आहेत. घडी त्याच दिशेने घालायची; आडवी घातली की तंतू तुटून पांढरी चिरफळलेली रेघ दिसते. तंतू लांब बाजूला समांतर असतील तर शीट 148.5 मिमीवर आडवी कापा आणि प्रत्येक तुकडा 105 मिमीवर दुमडा. तंतू आखूड बाजूला समांतर असतील तर 105 मिमी रुंदीच्या लांब पट्ट्या कापून त्या 148.5 मिमीवर दुमडा. दोन्हींतून ए6 मापाचं कार्ड निघतं, ते 114 × 162 मिमीच्या सी6 लिफाफ्यात बसतं.

कापताना स्टीलची पट्टी कार्डासाठी हव्या असलेल्या भागावर दाबून धरा, म्हणजे पातं घसरलं तरी टाकायचा भागच खराब होईल. एकाच जोरात कापू नका, तीन-चार हलके हात फिरवा. कडा पिंजल्या तर पातं बोथट झालंय, ते बदला. घडीच्या जागी शाई संपलेल्या बॉलपेनाने पट्टीलगत दोन-तीनदा रेघ दाबा, खाली जुनं मासिक ठेवा. दाबलेली खाच घडीच्या बाहेरच्या बाजूला यायला हवी. नवशिके हमखास उलट करतात आणि घडी वाकडी बसते. शेवटी घडीवर कोरा कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासा. थेट घासलं तर तिथे चकाकी येते.

चिठ्ठी 54 × 86 मिमीची कापा, म्हणजे बँक कार्डाएवढी. बाजूंना 6 मिमी समास सोडला की 74 मिमी उरतात. 6 मिमी उंचीच्या अक्षरांत सात आणि दहा अक्षरांच्या दोन ओळी यात बसतात, आणि जिथे श्वास बदलतो तिथेच ओळ तुटते. ही जुळणी जपा. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतात, त्यामुळे दोन शिरोरेषांमध्ये किमान 15 मिमी अंतर ठेवा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. 2एच या कडक शिशाच्या पेन्सिलने अगदी फिकट रेषा आखा. आधी अक्षरं लिहा, शिरोरेषा शेवटी, एकेका शब्दावर ओढा. 'भ' आणि 'ध' यांच्या डोक्यावरची रेघ मध्ये तुटलेली असते. सरळ ओढली तर त्यांचे 'म' आणि 'घ' होतात. ओळ मधोमध हवी असेल तर आधी रद्दी कागदावर लिहून रुंदी मोजा. नजरेचा अंदाज चुकू शकतो.

पेन पिगमेंट शाईचं, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या शाईचं घ्या. जेलपेन गुळगुळीत कागदावर बराच वेळ ओलं राहतं, आणि पेन्सिलीच्या रेषा पुसताना सगळं फासतं. जलरंग लावायचा असेल तर आधी रंग, तो पूर्ण वाळला की मग अक्षरं.

चिठ्ठी अडकवण्यासाठी आतल्या उजव्या पानावर तिच्या चार कोपऱ्यांशी 15 मिमीच्या तिरप्या चिरा द्या आणि कोपरे त्यांत सरकवा. चिरा मागे दिसतात. पाठीमागे पातळ कागद चिकटवा, पण गोंद फक्त त्याच्या कडांना लावा, म्हणजे चिरा मोकळ्या राहतील. पांढऱ्या गोंदातलं पाणी तंतू फुगवतं आणि कार्ड वाकतं, म्हणून डबल साइड टेप किंवा ग्लू स्टिक वापरा. वाळवलेलं फूल लावायचं तर ते आधी दोनेक आठवडे दाबून ठेवलेलं असावं. ओलावा राहिला की आठवड्याभरात तपकिरी डाग पडतो.

समोरच्या पानावर शब्द नकोत, एखादं चित्र पुरे. आत डाव्या पानावर दोन ओळींत चिठ्ठी कशी वापरायची ते लिहा: रोज मन निवांत असताना तीन मिनिटं श्वासाबरोबर ओळ म्हणावी. सवय झालेली ओळच गडबडीच्या वेळी आठवते. घाबरण्याचे झटके वारंवार येत असतील तर चिठ्ठीवर भिस्त न ठेवता डॉक्टरांना भेटावं, हेही त्या माणसाला प्रेमाने सांगा.

पाकिटात चिठ्ठीचे कोपरे आधी झिजतात, म्हणून ते आधीच गोल कापा. वर पारदर्शक फिल्म लावायची असेल तर शाई एक दिवस वाळू द्या, आणि लिफाफ्यात तेवढ्याच मापाची एक कोरी चिठ्ठी जास्तीची घाला. ओळ बदलावीशी वाटली तर ती त्या माणसाला स्वतःच्या हाताने लिहिता येईल.