रोइंग मशीनचा लिव्हर १० वर ठेवताय? आधी या चुका टाळा

रोइंग मशीनवर, म्हणजे वल्हवण्याचा व्यायाम देणाऱ्या मशीनवर, बसण्याआधी पुढच्या फिरत्या चाकाच्या (फ्लायव्हीलच्या) बाजूचा लिव्हर कितीवर आहे ते बघा. बऱ्याच जिममध्ये तो १० वर सापडतो. आधी बसलेला माणूस तिथेच सोडून गेलेला असतो आणि त्याच्या आधीचाही. १० म्हणजे मर्दानी व्यायाम आणि ३ म्हणजे टाइमपास, असा समज पक्का बसला आहे. माझ्या मते या मशीनवरची सगळ्यात महागडी चूक हीच, कारण हात लवकर ओढणं, पाठीला पोक काढणं, धापा टाकणं या पुढच्या चुका तिच्यातूनच निघतात.

कॉन्सेप्ट२ सारख्या हवेवर चालणाऱ्या मशीनमध्ये हा लिव्हर, म्हणजे डॅम्पर, चाकाला ब्रेक लावत नाही. पंख्याच्या पिंजऱ्यात किती हवा शिरू द्यायची, एवढंच तो ठरवतो. १० वर भरपूर हवा शिरते, त्यामुळे दोन स्ट्रोकच्या, म्हणजे हँडल ओढण्याच्या दोन खेपांच्या, मधे चाक लवकर मंदावतं आणि प्रत्येक वेळी ते नव्याने उचलावं लागतं. ३ वर चाक फिरत राहतं. त्याला पकडायचं तर पाय झटकन सरळ व्हावे लागतात. रुंद, जड होडी आणि शर्यतीची निमुळती बोट यांच्यात जो फरक, तोच इथे. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा नौकानयनपटू दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये (एकट्याने दोन वल्ह्यांनी बोट हाकायच्या प्रकारात) १३वा आला. त्या प्रकारातल्या बोटीचं किमान वजन फक्त १४ किलो असतं. वेगाचा खेळ हलक्या बोटीवरच चालतो, आणि लिव्हर खाली आणला की मशीन तिच्या जवळ जातं.

मग ३ वर ठेवलं तर व्यायाम कमी होतो का? नाही. चाक किती वेगाने मंदावतंय हे मॉनिटर प्रत्येक स्ट्रोकनंतर मोजतो आणि त्यावरून तुमचं काम काढतो. ५०० मीटर कापायला त्या वेगाने लागणारा वेळ म्हणजे स्प्लिट. २:०० चा स्प्लिट म्हणजे साधारण २०३ वॅट, मग लिव्हर ३ वर असो की १० वर. १० साठी जास्तीचे गुण कोणी देत नाही. स्प्लिट २:१० वरून २:०० वर आणायचा तर १५९ वॅटवरून २०३ वर जावं लागतं, म्हणजे सव्वापटीहून थोडी जास्त ताकद. ‘फक्त दहा सेकंद’ इतके का छळतात, ते यावरून कळेल.

सुरुवातीला लिव्हर ३ ते ५ च्या मधे ठेवा. पण लिव्हरच्या आकड्यावर फार विसंबूही नका. खरा आकडा मॉनिटरच्या आत असतो, ड्रॅग फॅक्टर, म्हणजे चाक किती लवकर मंदावतं याचं माप. कॉन्सेप्ट२ च्या पीएम५ मॉनिटरवर ‘मोअर ऑप्शन्स’मध्ये ‘डिस्प्ले ड्रॅग फॅक्टर’ निवडा, चार-पाच स्ट्रोक मारा, आकडा दिसेल. बहुतेकांना ११० ते १३० च्या आसपास बरं पडतं. उंच, दणकट माणूस १४० पर्यंत जातो. हा आकडा जागेनुसार बदलतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे आणि तिथली हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ, म्हणून एकाच लिव्हरवर पुण्यात ड्रॅग फॅक्टर कमी येतो. त्याहून मोठा फरक पाडते ती धूळ. पिंजऱ्याच्या जाळीत धूळ साचली की हवेची वाट अडते, आणि अशा मशीनवरचा ७ स्वच्छ मशीनवरच्या ४ इतका हलका लागू शकतो. दुसऱ्या जिममध्ये जाऊन ‘माझा आकडा ६’ म्हणण्यात म्हणूनच अर्थ नाही.

घरच्या चुंबकी मशीनचं गणित वेगळं. तिथे लेव्हल म्हणजे खरोखर ब्रेक, आणि एका कंपनीची ८ वी लेव्हल दुसरीच्या ८ व्या लेव्हलशी ताडून पाहता येत नाही. पाण्याच्या मशीनमध्ये टाकीत पाणी किती यावर जडपणा ठरतो. दोन बाजूंना दोन पिस्टन असलेल्या हायड्रॉलिक मशीनचं तेल तापलं की दहा-पंधरा मिनिटांत ते मऊ पडतं. तुमची ताकद अचानक वाढलेली नसते.

आता स्ट्रोक. क्रम पाय, मग धड, मग हात. परतताना हात, धड, पाय. सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि बसल्यावर मोडतो. सर्रास दिसणारी मोडतोड म्हणजे पाय रेटायच्या आधीच कोपर वाकणं. हँडल हातात आहे म्हणून हात ओढू लागतात, आणि पायांचं काम दंड आणि खांदे करतात. दुसरी त्याहून वाईट: पाय सरळ होण्याआधीच धड मागे झेपावतं, सगळा भार कमरेवर येतो. सीट झपकन मागे गेली आणि हँडल जागच्या जागी राहिलं, तर उलटा दोष आहे. पाय रेटले खरे, पण धड सैल राहिल्यामुळे जोर साखळीपर्यंत पोचलाच नाही. सीट आणि हँडल एकाच वेळी हलायला हवेत.

दुरुस्तीसाठी दोन गोष्टी करून बघा. आधी फक्त हातांनी दहा स्ट्रोक, मग हात आणि धड, मग अर्धे पाय, मग पूर्ण. ते जमलं की पायाचे पट्टे सोडून वल्हवा. शेवटी तोल मागे जात असेल, तर तुम्ही जास्तच मागे झुकताय आणि पायाने पट्टा ओढून स्वतःला सावरताय. घड्याळाच्या काट्यांत सांगायचं तर पुढे धड एकच्या काट्यावर आणि मागे अकराच्या. दहावर गेलात की खूप झालं.

परतीची घाई ही तिसरी मोठी चूक. मिनिटाला २० स्ट्रोक म्हणजे एका स्ट्रोकला तीन सेकंद: एक ढकलायला, दोन परतायला. बहुतेक जण याच्या उलट करतात. सीट पुढे धडकवतात आणि दमून हळू ओढतात. स्ट्रोक रेट ३२ आणि स्प्लिट २:३५ असं दिसलं की समजा, माणूस व्यायाम करण्यापेक्षा सीट पुढे-मागे नेतोय. रेट २० वर आणून तोच स्प्लिट राखायचा प्रयत्न करा. पहिली पाच मिनिटं विचित्र वाटेल.

परतताना हँडल गुडघ्यांवरून वळसा घालून जात असेल, तर हात पुढे जाण्याआधीच गुडघे वर येताहेत. हात गुडघ्यांच्या पलीकडे गेले की क्षणभर थांबा, मग गुडघे वाकवा. गुडघे दुखत असतील तर पुढे फार जाताय; नडगी उभी झाली की पुरे, सीट टाचेला चिकटवायची गरज नाही. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतील किंवा पोट आडवं येत असेल, तर फूटरेस्ट एक-दोन खाचा खाली घ्या. पट्टा चवड्यावरून, बोटांच्या बुडाशी असू द्या. घोट्याजवळ आवळला तर टाच उचलत नाही. तळहाताला फोड येत असतील, तर हँडल मुठीत गच्च आवळू नका, बोटांत अडकवा. कमरेत कळ येऊन ती पायात उतरत असेल, तर मात्र मशीन बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. तिथे तंत्र सुधारत बसू नये.

एवढं करूनही काही बिनसलेलं वाटलं, तर दोष मशीनचा असू शकतो. सीट खडखडत असेल, तर रुळावर घामाचा आणि धुळीचा काळा थर जमलेला असतो. रोज ओल्या फडक्याने पुसा. साखळी खरखरत असेल, तर वापराच्या साधारण ५० तासांनी तेलाचं बोट फिरवायचं राहून गेलंय. गंज सोडवणारा स्प्रे मात्र मारू नका, तो आतलं वंगणही धुऊन नेतो. आणि हँडल सोडल्यावर साखळी पूर्ण आत न जाता लोंबत राहिली, तर आतली रबरी दोरी सैल झाली आहे. ती ताणून घेता येते. जिममधल्या सरांना सांगा, स्वतः उघडत बसू नका.