प्रौढ साक्षरता वर्गावर शिकवायला जाताय? आधी चाळिशीचं बघा

मुंबईत आमच्या वस्तीतल्या एका छोट्या संस्थेत मी तीन वर्षं बायकांचा वर्ग घेते. मानधन नाही. केंद्र सरकारच्या 'उल्लास' या प्रौढ साक्षरता कार्यक्रमातही (२०२२ ते २०२७) शिकवणारे स्वयंसेवकच असतात, तेव्हा पैशांचा विचार आधीच सोडा.

पहिल्या आठवड्यात मी बाराखडीचा तक्ता लावला. मावशी लोकांनी तो मुकाट्याने पाहिला आणि दुसऱ्या दिवशी निम्म्याच आल्या. दोघींना अक्षरं दिसतच नव्हती, पण तसं सांगायचा संकोच. आता मी आधी सुईत दोरा ओवायला देते. जमला नाही की चाळिशी लागलीय हे तिचं तिलाच कळतं.

क्रम 'अ आ इ'चा नको. आमच्याकडे ग, म, भ, न पासून सुरुवात होते, कारण वळणं जवळची. त्यातही पहिल्या दिवशी स्वतःचं नाव. खरी गंमत पुढे येते. एका मावशींनी वाण्याच्या पाटीवरचा 'रवा' मोठ्याने 'खा' असा वाचला, वर म्हणाल्या, "खा म्हणतोय, पण पैसे घेतोय." त्या दिवसापासून र, व आणि ख एकाच दिवशी शिकवते.

आकड्यांत फसू नका. मोबाइलमुळे इंग्रजी आकडे बहुतेकींना येतात, बेस्टच्या बसवरचे मराठी ५ आणि ६ मात्र अडतात. म्हणून आमचं गणित बसच्या नंबरांवरच चालतं.

माझी एक चूक तुम्ही करू नका. सही शिकलेल्या एक ताई मोठ्या ऐटीत बँकेत गेल्या, पण खातं अंगठ्यावर उघडलेलं. पैसे मिळाले नाहीत, वर चारचौघांत बोलणी खाल्ली. सही पक्की झाली की आधी बँकेतली नमुना सही बदलून घ्या, सोबत स्वतः जा.

वर्गाची वेळ नळाचं पाणी ठरवतं, तुम्ही नाही. आमची तीनची.

'उल्लास'ची परीक्षा १५० गुणांची: वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. गेल्या खेपेला आमच्या सगळ्यांत वयस्क आजी पेपर देऊन बाहेर आल्या, तेव्हा बोटं पेन्सिल दाबून लाल झाली होती. मी विचारलं, कसा गेला? म्हणाल्या, "गेला कुठे, तिथेच बाईंकडे ठेवून आले."