गडग्यात चिठ्ठी लपवू नका! वाडीतल्या खजिनाशोधात या चुका टाळा

मे महिन्यात मुंबई-पुण्याची मुलं गावी येतात. पहिले दोन दिवस आंबे खाण्यात आणि हुंदडण्यात जातात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतं, चिठ्ठ्यांचा खजिना खेळूया. एका चिठ्ठीतलं कोडं सोडवून पुढची चिठ्ठी शोधायची, आणि शेवटी खजिन्याचा डबा. रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत शेजारशेजारच्या पाच घरांत मिळून आम्ही हा खेळ घेतो. एका घरापुरता होता तेव्हा काही बिघडत नसे. पाच घरांचा झाल्यावर मात्र तो दर वर्षी कुठेतरी अडायचा. शेजारचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, आपण रोज बघतो, पण तिथे पाणी कुठे सांडतं, कुत्रा कुठे बांधतात, दुपारी कोण कुठे पडतं, हे त्या घरालाच ठाऊक असतं. म्हणून प्रत्येक घरातल्या एका मोठ्या माणसाला आदल्या दिवशी भेटा आणि जागा त्यांनाच सुचवू द्या. आमच्या बहुतेक अडचणी एवढ्यानेच मिटल्या.

आता सगळ्यात गंभीर चूक. दोन घरांमधला गडगा हा चिठ्ठीसाठी कुणालाही पहिला सुचतो. जांभ्या दगडाचा, माती-चुना न लावता रचलेला, फटीच फटी. त्याच फटींत विंचू आणि साप राहतात, आणि मुलं न बघता हात घालतात. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश साधा नसतो, लहान मुलांना तर तो फारच जड जातो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, तेव्हापासून पुष्कळ जीव वाचले. पण औषध वेळेत मिळालं तरच. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं असं काही दिसायची वाट न बघता मुलाला थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. पाला बांधणं, मंत्र घालणं यात एक मिनिटही घालवू नका. आमचा नियम सोपा आहे: चिठ्ठी नेहमी डोळ्यांना दिसेल अशी टांगलेली. हात घालायचा नाही, दगड उचलायचा नाही, खणायचं नाही.

गडगा टाळायला दुसरंही कारण आहे. मुलांनी चार दगड ढासळवले की मोठ्यांचा हद्दीचा जुना विषय उकरला जातो. खेळ बाजूला राहतो आणि दोन घरांचं बोलणं बंद होतं.

विहिरीचा काठ, विजेच्या मीटरची पेटी, नारळ उतरवायचे राहिलेत त्या माडाचा बुंधा, गुरांचा गोठा, या जागा सरळ वगळा. आंब्याच्या फांदीवर पानं चिकटवून केलेलं तांबड्या मुंगळ्यांचं घरटं नाही ना, तेही बघा. बाग हंगामावर दिली असेल तर तिथल्या राखणदाराला आधी सांगून ठेवा, त्याची कुत्री अनोळखी मुलांवर धावतात. जी घरं खेळात आहेत त्यांच्या बेड्याशी, म्हणजे आवारात शिरायच्या वाटेशी, सकाळी रांगोळीचं एक फूल काढावं. जिथे फूल नाही, तिथे शिरायचं नाही. बारक्या पोरांनाही हे कळतं.

‘गट फिरतोय, पण चिठ्ठी सापडत नाही’ अशी तक्रार आली की बहुधा कोडं दोन ठिकाणी लागू पडत असतं. ‘लाल फुलाखाली बघा’ असं लिहिलंत आणि जास्वंद तीन खळ्यांत असली, तर मुलांची चूक नाही. एकाच घरी असलेली वस्तू धरा: फुटक्या माठात लावलेली अबोली, निळा झोपाळा, चाक निखळलेली बैलगाडी. जुनी कोडी वापरायचा मोह मलाही होतो. ‘तिखट, मीठ, मसाला, चार शिंगे कशाला’ याचं उत्तर लवंग हे मुलांना मजेत येतं. पण लवंगेवरून जायचं कुठे? लवंगेचं झाड एकाच परसात असेल तरच ते कोडं कामाचं. मोबाइलवर नकाशातली खूण पाठवून काम भागेल असंही समजू नका. मोकळ्या आकाशाखालीही फोन साधारण 5 मीटर इकडेतिकडे दाखवतो, माडांच्या गर्दीत त्याहून जास्त. आमच्याकडे एवढ्या अंतरात घर बदलतं.

सगळे गट एकाच क्रमाने सोडले की मागचे पुढच्यांच्या मागे नुसते पळतात. चार ठिकाणं असतील तर चार गट चार वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरू करा आणि साखळी गोल फिरवा. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक गटाची वेगळ्या रंगाची चिठ्ठी टांगा, म्हणजे पहिल्याने खिशात घातली तरी पुढच्याचं अडत नाही. लाल रंग मात्र नको, जांभ्यावर तो दिसतच नाही.

डबा कुठे आहे ते जुळवून कळावं म्हणून आम्ही एकदा प्रत्येक चिठ्ठीवर एक अक्षर दिलं होतं: मां, ड, वा, त. दोन अक्षरं मिळताच एका पोरीने ‘मांडवात’ ओळखलं आणि खेळ पंधरा मिनिटांत आटोपला. तिचं कौतुकच, पण बाकीची मुलं हिरमुसली. आता अक्षरासोबत दोन अंकी आकडाही असतो. चारही आकड्यांची बेरीज ओटीवर बसलेल्या आजीला सांगायची, ती बरोबर असेल तरच डब्याची किल्ली मिळते. आजीलाही हे काम फार आवडतं.

चिठ्ठ्या सकाळी लवकर लावल्या तर खळं झाडताना कचऱ्यात जातात. झाडलोट उरकल्यावर लावा. वळवाची सर येऊन स्केचपेनची शाई पसरते, तेव्हा पेन्सिलीने किंवा साध्या बॉलपेनने लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घाला. चिकटपट्टी जांभ्यावर टिकत नाही, सुंभाने बांधा. डब्यात खाऊ ठेवू नका; मुंग्या लागतात, माकडं डबा पळवतात आणि चॉकलेट मेच्या उन्हात वितळतं. खाऊ शेवटी घरातून आणावा. वेळ साडेचारनंतरची ठेवा. उन्हाची तिरीप उतरते आणि म्हातारी माणसंही उठलेली असतात.

बक्षीस एकालाच दिलंत तर ‘त्यांच्या घरची मुलं जिंकली’ असं बोलणं होतं. गटात घरं मिसळा, मोठं मूल वाचायला आणि छोटं पळायला. डब्यात सगळ्यांना पुरेल असं काही ठेवा. आम्ही गोट्या आणि भोवरे ठेवतो.

मध्येच गट अडला तर दहा मिनिटं थांबा, मग एक इशारा द्या. चिठ्ठी हरवलीच असेल तर जास्तीचा संच आयोजकाच्या खिशात हवा. कुठे किती लावल्या ते वहीत लिहून ठेवा आणि अंधार पडायच्या आत मोजून सगळ्या काढा. मागे राहिलेली पिशवी रात्री गुरांच्या पोटात जाते.