लहान मुलासोबत क्रूझ : जहाज निवडताना या चुका टाळा

क्रूझला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, "कुठे जायचं?" दुसरा, "कितीला पडेल?" जहाज कोणतं, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी येतो आणि त्याचं उत्तर बहुधा "जे स्वस्तात मिळेल ते" असंच असतं. हॉटेलच्या बाबतीत हे खपून जातं. नाही आवडलं तर दिवसभर बाहेर हिंडता येतं, फार तर दुसऱ्या दिवशी हॉटेल बदलता येतं. जहाजात एकदा चढलात की उतरेपर्यंत तेच हॉटेल, तेच पाळणाघर आणि तेच खेळायचं मैदान. मूल दोन-तीन वर्षांचं असेल तर बंदरावर काय पाहिलं यापेक्षा जहाजावरची दुपार कशी गेली यावर सुट्टीचा निकाल लागतो.

वय बुकिंगच्या दिवशी मोजणं

बहुतेक मोठ्या कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला जहाजावर घेत नाहीत. सफर अटलांटिक ओलांडणारी असेल, हवाईला जाणारी असेल किंवा सलग बरेच दिवस समुद्रातच काढायचे असतील, तर ही अट साधारणपणे १२ महिन्यांवर जाते. कारण उघड आहे. जहाजावर दवाखाना आणि डॉक्टर असतात, पण बालरोगतज्ज्ञ सहसा नसतो आणि भर समुद्रातून मोठं हॉस्पिटल गाठणं सोपं नसतं. हे वय जहाज निघण्याच्या तारखेला मोजतात. उलट बाजूही बघा : परतायच्या आत मुलाचा वाढदिवस येत असेल तर जहाजावरच्या किड्स क्लबमधला (मुलांना सांभाळून खेळवायची जागा) वयोगट, भाडं, नियम यांपैकी काय बदलतं ते आधीच विचारून घ्या.

काही जहाजांवर तर मुलांना प्रवेशच नाही. व्हर्जिन व्हॉयेजेसची सगळी जहाजं १८ वर्षांवरच्यांसाठी आहेत, व्हायकिंगच्या समुद्री सफरींचंही तेच. पी अँड ओ क्रूझेसची इतर जहाजं मुलांनी गजबजलेली असतात, पण त्यांच्याच ताफ्यातली आर्केडिया आणि ऑरोरा फक्त मोठ्यांसाठी आहेत.

कंपनी पाहून जहाज ठरवणं

"मावशी याच कंपनीच्या जहाजाने गेली होती, त्यांच्याकडे बाळांसाठी नर्सरी होती," एवढ्यावर बुकिंग करू नका. मावशीचं जहाज वेगळं होतं. एकाच कंपनीच्या दोन जहाजांमध्ये वीस-पंचवीस वर्षांचं अंतर असू शकतं. रॉयल कॅरिबियनचंच बघा. २०२४च्या जानेवारीत निघालेल्या आयकॉन ऑफ द सीजवर 'सर्फसाइड' नावाचा एक अख्खा भाग सहा वर्षांखालची मुलं असलेल्या कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवून बांधलाय. याच कंपनीच्या जुन्या, लहान जहाजांवर त्यातलं फारसं काही सापडणार नाही. नर्सरीसुद्धा त्यांच्या सगळ्या जहाजांवर नाही.

म्हणून जहाजाचं नाव घ्या आणि त्याच जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे कोणत्या मजल्यावर काय आहे ते दाखवणारा नकाशा, उघडा. जहाजं मधूनमधून दुरुस्तीसाठी गोदीत जातात आणि बाहेर येताना आतली मांडणी बदललेली असते, तेव्हा प्लॅन जुना नाही ना हेही बघा.

मोठं जहाज म्हणजे मुलासाठी चांगलं, हाही एक गैरसमज. आयकॉनची लांबी ३६५ मीटर आहे. खोली एका टोकाला, बुफे दुसऱ्या टोकाला आणि मध्ये लिफ्टसमोर गर्दी असं झालं की "दूध हवं" आणि "दूध मिळालं" यांच्यात बराच वेळ जातो. मोठं जहाज घ्यायला हरकत नाही, फक्त खोली आणि मुलांचे भाग एकमेकांपासून किती लांब आहेत ते पाहून घ्या. दोन वर्षांच्या मुलाला सात तरण तलाव लागत नाहीत. एक उथळ पाण्याची जागा, थोडी सावली आणि पळायला मोकळा डेक मिळाला की त्याचं भागतं.

किड्स क्लब "फ्री आहे" एवढंच वाचणं

सर्वांत जास्त हिरमोड इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

किड्स क्लब बहुतेक जहाजांवर फुकट असतो, पण तो बहुधा तीन वर्षांपासून पुढे असतो आणि मूल शी-शू सांगणारं, डायपर सुटलेलं हवं. पुल-अप (चड्डीसारखा चढवायचा डायपर) घातलेलं मूलसुद्धा सहसा घेत नाहीत. तिथले कर्मचारी कपडे बदलून देत नाहीत. ओलं झालं की तुम्हाला फोन येतो. रोज तेच होऊ लागलं तर मुलाला काही दिवस आणू नका असं सांगू शकतात. घरी नीट सांगणारं मूल नव्या जागी, नव्या माणसांत, खेळाच्या नादात विसरतं, हे प्रत्येक आईबापाला ठाऊक आहे. "निघेपर्यंत सुटेल डायपर" या आशेवर सगळी सुट्टी बेतू नका.

तीन वर्षांखालच्यांसाठी नर्सरी वेगळी असते आणि ती बहुधा तासावर पैसे घेते. डिस्नेच्या जहाजांवर सहा महिने ते तीन वर्षं या वयासाठी अशी नर्सरी आहे. तिथल्या जागा मोजक्याच असतात आणि जेवणाच्या, शोच्या वेळा आधी भरतात. ऑनलाइन आरक्षण ज्या दिवशी उघडतं त्या दिवशीच करून टाका. जहाजावर चढल्यावर बघू म्हणणाऱ्यांना दुपारी दोनची जागा मिळते, म्हणजे नेमकी झोपेची वेळ. कार्निव्हल कंपनीचा क्लब मात्र दोन वर्षांपासून मुलं घेतो आणि तिथे डायपर बदलूनही देतात. ज्यांचं मूल दोन ते तीनच्या मध्ये आहे त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण दोन वर्षं दहा महिने हे क्रूझच्या दृष्टीने फार अडनिडं वय आहे. बऱ्याच जहाजांवर क्लबला लहान आणि स्लाइड्सना बुटकं. सफर तीन महिने पुढे ढकलता येत असेल तर सरळ ढकला.

काही जहाजांवर 'पालकांसोबत खेळा' अशी खोली असते. ती चांगलीच असते, पण तुम्हाला मोकळा वेळ हवा असेल तर तो तिथे मिळत नाही. जाहिरातीत '० ते ३ वर्षांसाठी सोय' असं लिहिलेलं दिसलं की लगेच विचारा : मूल सोडून जाता येतं की सोबत बसावं लागतं? हा एक प्रश्न विचारला की निम्मा संभ्रम मिटतो.

तलावाचे फोटो पाहून भुलणं

डायपरमधल्या मुलाला जहाजावरच्या तलावात उतरू देत नाहीत. पोहायचा खास डायपर घातला तरी नाही. अमेरिकेतल्या बंदरांवर येणाऱ्या जहाजांची सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या कार्यक्रमाखाली तपासणी होते आणि तिथे हा नियम कडक आहे. जहाजावर हजारो माणसं एकाच हवापाण्यात राहतात, पोटाचा एक आजार शिरला की झपाट्याने पसरतो, त्यामुळे नियम रास्तच आहे. पण तलावाच्या काठी डायपर लावलेलं, आत शिरायला रडणारं मूल आणि "नाही रे बाळा" म्हणणारा बाप हे दृश्य दर सफरीत दिसतं. अशा बाळांसाठी काही जहाजांवर वेगळी स्प्लॅश झोन (पाण्यात खेळायची जागा) असते, तिचं पाणी स्वतंत्रपणे शुद्ध केलं जातं. डेक प्लॅनवर ती दिसते का, आणि डायपरसह चालते का, दोन्ही विचारा.

घसरगुंड्यांचं तसंच. मोठ्या स्लाइड्सना सहसा ४२ किंवा ४८ इंच उंची लागते. ४२ इंच म्हणजे साधारण १०७ सेंटीमीटर. तीन वर्षांचं मूल सहसा त्याच्या बरंच खाली असतं. निघायच्या आधी घरी भिंतीला उभं करून मापून घ्या. तिथे गेल्यावर रांगेच्या तोंडाशी कर्मचाऱ्याने मापपट्टी लावून परत पाठवलं की भोकाड ठरलेलं.

तलावाशी जीवरक्षक असतो असं गृहीत धरू नका. रॉयल कॅरिबियनने २०१७मध्ये आपल्या ताफ्यात जीवरक्षक नेमायला सुरुवात केली, पण सगळ्या कंपन्यांकडे ते नाहीत. असले तरी लहान मुलापासून हातभर अंतरावर तुम्हीच हवेत.

स्वस्त खोली डोळे मिटून घेणं

'खोली आम्ही ठरवू' अशा स्वस्त दरात कंपनी कोणतीही खोली देऊ शकते. मूल नसेल तर चालतं. मूल असेल तर प्लॅन उघडून आपल्या खोलीच्या वर आणि खाली काय आहे ते बघा. वर तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज, खाली नाचगाण्याचा क्लब असेल तर मध्यरात्रीपर्यंत ठेका. पुढच्या टोकाला नांगर सोडल्याची धडधड. खोलीच्या वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असतील अशी जागा सर्वांत शांत. खालचा डेक आणि जहाजाचा मध्यभाग इथे हेलकावे कमी जाणवतात.

बाल्कनीबद्दल लोक दोन टोकांची मतं देतात. माझं मत असं : परवडत असेल तर घ्या. मूल आठला झोपलं की खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत नवराबायको अंधारात मोबाइलच्या उजेडात कुजबुजत बसतात. बाल्कनी असेल तर दार लोटून बाहेर बसता येतं. फक्त दाराची वरची कडी कायम लावलेली हवी, आणि मूल जागं असताना कठड्याजवळ खुर्ची-टेबल नको. खोली साफ करणाऱ्याला सांगितलं तर सामान हलवायला तो मदत करतो.

आणखी बारीकसारीक : न्हाणीत बहुधा फक्त शॉवर असतो, टब नसतो. डिस्नेच्या बहुतेक खोल्यांत टब असतो, म्हणून बाळांचे आईबाप तिकडे वळतात. भिंतीतून खाली येणारी वरची बर्थ लहान मुलासाठी नसते, तेव्हा 'चार जणांची खोली' म्हणजे चारही झोपण्याच्या जागा तुमच्या कामाच्या आहेत असं नाही. पाळण्याची मागणी बुकिंग करतानाच नोंदवा आणि तो ठेवल्यावर चालायला जागा उरते का ते विचारा. बाळ मांडीवर असलं तरी जहाजावर ते एक प्रवासी असतं, कारण लाइफबोटीत त्याची जागा धरावी लागते. खोली रिकामी दिसते आणि तरी तिसरा माणूस घालता येत नाही, असं कधी झालं तर त्यामागे बहुधा त्या भागातल्या लाइफबोटींचा हिशेब असतो. जवळची दुसरी खोली नव्हे, जहाजाच्या दुसऱ्या भागातली खोली शोधायला सांगा.

बंदरांची माळ

सात दिवसांत सहा बंदरं, असं वाचून आपण खूश होतो. मुलाला मात्र रोज सकाळी उठवून, बूट घालून, बाबागाडीत बसवून न्यायचं असतं. शिवाय बंदर आणि शहर एकच असेल असं नाही. 'रोम' म्हणून जिथे उतरता ते चिविताव्हेक्किया, रोमपासून साधारण ८० किलोमीटरवर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तेही लांबच. सँटोरिनी, ग्रँड केमन अशा ठिकाणी मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीने जावं लागतं. तिथे बाबागाडी घडी घालून आणि मूल कडेवर घेऊन चढायचं. एका हाताने घडी होणारी, हलकी गाडी न्या. पहिल्या सफरीला तीन ते पाच रात्री आणि मध्ये निदान एक अख्खा समुद्रातला दिवस पुरे.

बाळाचं भाडं कमी किंवा शून्य दाखवलं तरी बंदराचे कर लागतात, आणि काही कंपन्या रोजची सेवा-टिपही लावतात. शेवटचा आकडा पाहूनच तुलना करा. आईबापांपैकी एकटंच कोणी जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र लागेल का, आणि वाटेतल्या प्रत्येक देशाचा व्हिसा मुलासाठीही लागतो का, हे सगळं पैसे भरण्याआधी विचारून घ्या. विमा घ्याच, जहाजावरून हलवून हॉस्पिटलात नेण्याचा खर्च धरणारा. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल वेगळं लागतं.

तरीही गाडं अडलं तर

चुकीचं जहाज घेतलंय हे आता कळलं? पूर्ण पैसे भरायची शेवटची तारीख उलटली नसेल तर बदल करायला बऱ्याचदा फारसा दंड लागत नाही. सवलतीच्या तिकिटांची अनामत मात्र परत मिळत नसते, तेव्हा आधी अटी वाचा आणि मग फोन करा.

खोलीत आवाज फार असेल तर पहिल्याच रात्री स्वागतकक्षाला सांगा. जागा रिकामी असेल तर बदलून मिळते, तिसऱ्या दिवसापर्यंत शक्यता मावळलेली असते.

मूल क्लबमध्ये रडत असेल तर पहिल्या दिवशी क्लब सगळ्यांना खुला असतो तेव्हा तुम्हीही आत बसा, खेळा, ताईंशी ओळख करून द्या. दुसऱ्या दिवशी अर्ध्याच तासासाठी सोडा. तरी नाही रमलं तर हट्ट नको.

बोट लागणं दोन वर्षांखालच्या बाळांत कमी दिसतं, दोन ते बारा या वयात जास्त. मोकळ्या हवेत मधल्या डेकवर न्या, क्षितिजाकडे बघायला लावा, कोरडं काहीतरी थोडं-थोडं द्या. औषध घरच्या डॉक्टरांना विचारून आणलेलंच द्या. उलट्या-जुलाब असतील तर लपवू नका, दवाखान्याला कळवा. खोलीत थांबायला सांगतील आणि क्लबही काही काळ बंद होईल, पण नोरोव्हायरसला तोच उपाय. या विषाणूवर हात निर्जंतुक करणारं जेल फारसं चालत नाही, साबण-पाण्यानेच हात धुवायचे.

आणि पहिल्या दिवशी मोठी बॅग खोलीत पोचायला संध्याकाळ होऊ शकते. डायपर, दूध, औषधं, पोहायचे कपडे आणि झोपताना लागणारी ती एक चादर किंवा बाहुली हातातल्या पिशवीत ठेवा. बाळाची दुधाची पावडर आणि डायपर जहाजावर मिळतीलच यावर विसंबू नका. आपत्कालीन सूचनांच्या वेळी बाळाच्या मापाचं लाइफ जॅकेट खोलीत किंवा जमायच्या जागी आहे ना, ते तिथेच विचारून घ्या.