घड्याळाखाली भेटा आणि मराठीतून शिका

स्पेनमधल्या सालामांकाला शिकायला येणाऱ्या मराठी मुलामुलींना मी पहिल्याच फोनवर सांगते: खोली मिळाली, नगरपालिकेत पत्त्याची नोंद म्हणजे एम्पाद्रोनामिएंतो झालं, की लगेच इंतरकाम्बियो शोधा. सहा महिन्यांहून जास्त राहणार असाल तर परदेशी ओळखपत्राचा अर्जही महिनाभरात करायचा असतो, तो विसरू नका. इंतरकाम्बियो म्हणजे बोलायला जोडीदार. तुम्ही त्याला इंग्रजी द्यायचं, त्याने तुम्हाला स्पॅनिश. पैशाचा संबंध नाही.

हे पहिल्या पंधरा दिवसांतच करा. एकदा आपली मंडळी सापडली, रोज संध्याकाळी कुकरची शिट्टी वाजायला लागली, की स्पॅनिश दुकानापुरतंच राहतं. अकरा वर्षांत असं कितीदा तरी झालेलं पाहिलंय आणि दर वेळी जीव हळहळतो.

विद्यापीठाच्या फलकांवर फोन नंबरांच्या चिठ्ठ्या लटकलेल्या दिसतील. पण माझं ऐकाल तर एस्कुएला ओफिसियाल दे इदिओमास या सरकारी भाषाशाळेच्या फलकावरही आपली चिठ्ठी लावा. तिथे नोकरदार आणि निवृत्त माणसं इंग्रजी शिकायला येतात. विद्यार्थी परीक्षा आली की गायब होतात. पन्नाशी-साठीतली बाई ठरल्या वारी येते, आणि तिच्याकडे सांगण्यासारखंही खूप असतं.

पहिली भेट प्लासा मायोरमध्ये घड्याळाखाली ठरवा. 1755 मध्ये पूर्ण झालेला हा चौक म्हणजे गावाचं अंगण. ‘देबाखो देल रेलोख’, घड्याळाखाली, एवढं म्हटलं की कुणालाही कळतं. चार माणसांत भेटणं बरं. फक्त भाषेसाठी भेटतोय हेही पहिल्या निरोपातच स्पष्ट लिहा, मुलींनी तर नक्कीच. काही जण भलता अर्थ काढतात. अर्धा तास स्पॅनिश, अर्धा तास इंग्रजी, आणि स्पॅनिश आधी. उलटं केलंत तर गाडी इंग्रजीवरून हलत नाही. प्रत्येक वाक्य अडवू नका, शेवटी तीन चुका सांगा, असं जोडीदाराला आधीच सांगून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डोक्यातलं इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठीतून स्पॅनिशकडे जा. ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे सरळ ‘मला कॉफी आवडते’. ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ म्हणजे ‘मला पुस्तकं आवडतात’. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं, अगदी आपल्यासारखं. ‘किएरो के बेंगास’ ऐकून घाबरू नका. ‘तू यावंस असं मला वाटतं’ यातला ‘यावंस’च तो. वहीत उच्चार देवनागरीत लिहा. ‘तापास’ (छोट्या बशीतलं खाणं) लिहिलंत की ‘टापास’ तोंडात येणार नाही. ‘पेरो’ म्हणजे पण, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. तो दुसरा र आपल्या ‘भुर्रकन’मध्ये आहेच. कॅफेत ‘पोन्मे उन काफे’ म्हणजे ‘एक कॉफी दे’ असं सरळ म्हणतात. आपण टपरीवर ‘एक चहा द्या’ म्हणतो ना, तसंच. त्यात उद्धटपणा नाही.

एका ठिकाणी मात्र मराठी फसवते. पहिल्या हिवाळ्यात मला उशीर झाला, म्हणून मी जोडीदारीण बाईंना निरोप धाडला: ‘आओरा बेंगो’. माझ्या मनात होतं, ‘आलेच’. त्यांना वाटलं, मी चौकात येऊन जरा कुठेतरी गेलेय आणि परत येतेय. थंडीत त्या कमानीखालची एकेक दुकानं बघत मला शोधत फिरल्या. मी पोचले तेव्हा त्यांचं नाक लाल झालं होतं, आणि त्यांनी माझेच हात धरून चोळले. मग समजावलं: तू जिथे आहेस तिथून निघून माझ्याकडे येतेस, तर ‘बोय’, जाते. ‘बेंगो’ म्हणायचं ते उठून जाताना, परत येणार असलीस तर. आपणही पाहुण्यांपुढून उठताना ‘आलेच हं’ म्हणतो, तेवढ्यापुरतं दोन्हीकडे सारखं. पण हाक आली की इथे ‘आले!’ नाही, ‘बोय!’

काही महिन्यांनी घरी जेवायचं बोलावणं येईल. शाकाहारी असाल तर ‘बेखेतारियाना’ एवढ्यावर सोडू नका, सॅलडवर ट्यूना येऊ शकतो. ‘सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस नको, हॅम नको, मासे नकोत, असं एकेक नाव घेऊन सांगा. जेवण दुपारी दोन-अडीचला असतं. आणि पानं संपली म्हणून उठू नका. त्यानंतर असते सोब्रेमेसा, टेबलावरच्या गप्पा. आपल्याकडे हात वाळले तरी गप्पा संपत नाहीत, तशा. आजोबा गव्हाच्या कापणीचं सांगतील, सगळे एकदम बोलतील, तुम्हाला निम्मं कळणार नाही. बसून राहा. संध्याकाळ मोकळीच ठेवा.