मचव्याचं लाकडी किट कसं बनवावं: खाडीच्या काठापासून खोक्यापर्यंत

जहाजाची प्रतिकृती करणं वेगळं आणि तिचं किट, म्हणजे दुसऱ्याने जोडायचे सुटे भाग आणि पुस्तिका, करणं वेगळं. प्रतिकृती करताना चूक झाली तर लांबी (पुट्टी) भरून, पॉलिशपेपर मारून ती झाकता येते. किटमधली चूक मात्र दुसऱ्याच्या टेबलावर, रात्री अकरा वाजता, तुम्ही समोर नसताना उघडी पडते. म्हणून या कामात लाकडापेक्षा जास्त विचार करावा लागतो तो त्या अनोळखी माणसाच्या हातांचा.

पहिलं किट कशाचं करावं? बाजारातली बहुतेक किटं युरोपातल्या मोठ्या युद्धनौकांची असतात: स्वीडनची 'व्हासा', नेल्सनची 'व्हिक्टरी'. त्यांच्या वाटेला जाऊ नका. तोफा, कप्प्या आणि दोरखंडांच्या गुंत्यातच तुमची दोन वर्षं जातील. माझा सल्ला मचव्याचा, म्हणजे कोकणातल्या मासेमारी होडीचा. पुढे झुकलेली लांब नाळ (होडीचं पुढचं टोक), उघडं पोट, एक डोलकाठी आणि तिरकं शीड. दिसायला देखणा, भागांची संख्या आटोक्यात आणि मुख्य म्हणजे अजून हात लावून मोजता येतो.

मोजमाप

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी असते. त्या दोन महिन्यांत होड्या वर ओढून, टेकू देऊन, शाकारून ठेवलेल्या असतात. मोजायची हीच वेळ. पाऊस असतो, चिखल असतो, पण होडी हलत नाही. आधी मालकाला किंवा तांडेलाला (होडीच्या म्होरक्याला) विचारा, चहा घ्या, मग टेप काढा.

लागतं फार थोडं: नायलॉनची दोरी, ओळंबा, पाणसळ, टेप, एक सरळ पट्टी आणि पाण्याने न पुसली जाणारी पेन्सिल. नाळेच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत मधोमध दोरी ताणा. तिच्यावर दर 1 मीटरला खूण करा. प्रत्येक खुणेपाशी बाहेरच्या बाजूला पट्टी ओळंब्यात उभी धरा आणि जमिनीपासून दर 20 सेंटिमीटर उंचीवर पट्टीपासून होडीच्या अंगापर्यंतचं आडवं अंतर लिहून घ्या. हे कंटाळवाणं आहे, पण एकाच बाजूला केलं तरी पुरतं, कारण दुसरी बाजू आरशासारखी उलटी काढायची असते. खरी होडी दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखी नसतेच, पण किट तिरपं काढून चालत नाही.

अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली तर घाबरू नका. 1:32 प्रमाणात, म्हणजे खऱ्या होडीच्या बत्तिसाव्या हिश्श्यात, ती 0.16 मिलिमीटर होते.

हल्ली मचव्यावर डोलकाठीच्या जागी इंजिन असतं. त्यामुळे शिडाची माहिती जुन्या फोटोंतून आणि म्हाताऱ्या खलाशांकडून घ्यावी लागते. मी एका तांडेलकाकांना माझं रेखाटन दाखवलं, तेव्हा त्यांनी आधी सुकाणूकडे बोट दाखवलं. "हे असं टांगलंस तर वाळूत आपटेल." मी मोजमाप बरोबर घेतलं होतं, टांगायची पद्धत चुकली होती.

प्रमाण आणि रेखाटन

समजा मचवा 12 मीटर निघाला. 1:48 ला तो 25 सेंटिमीटर होतो, 1:32 ला साडेसदतीस. उघड्या होडीचं आतलं सगळं दिसतं, म्हणून मोठं प्रमाण घ्या. आणखी एक सोय म्हणजे दर मीटरला घेतलेली मापं 1:32 ला 31.25 मिलिमीटरवर येतात, म्हणजे तुमच्या फासळ्यांच्या (होडीला आकार देणाऱ्या आडव्या चौकटींच्या) जागा आपोआप ठरल्या. मधल्या अकरा खुणांच्या अकरा फासळ्या. नाळेकडे वळण जास्त असतं, तिथे मध्ये एकदोन वाढवा.

रेखाटन फ्रीकॅड किंवा इंकस्केपमध्ये होतं, दोन्ही फुकट आहेत. पण स्क्रीनवर सगळ्या रेघा गुळगुळीतच दिसतात. खऱ्या मापात कागदावर छापा, कागद डोळ्याच्या पातळीला धरा आणि रेघेच्या एका टोकाकडून दुसरीकडे बघा. जिथे फुगवटा आहे तिथे तो लगेच टोचतो.

उघड्या होडीच्या पोटात आडवे पडदे ठेवता येत नाहीत, म्हणून ती उलटी बांधायची. प्रत्येक फासळीला वर दोन लांब पाय काढा. सगळे पाय एका सपाट पाटाच्या खाचांत उभे राहतात, त्यावर कणा (होडीवाले त्याला पठाण म्हणतात) पालथा बसतो, मग फळ्या चिकटवायच्या. फळ्या सुकल्या की होडी सुलटी करायची आणि पाय कापून टाकायचे.

लेझर आणि अर्धा मिलिमीटरही न मिळणारी माफी

भाग प्लायवूडमधून लेझरने कापायचे, आणि या टप्प्यावर बहुतेक नवखे अडकतात. दुकानात '3 मिमी' म्हणून मिळणारं प्लायवूड 3 मिमी असेलच असं नाही. प्रत्येक शीट व्हर्नियरने चार जागी मोजा. शिवाय लेझरची किरण स्वतःची जाडी खाते. माझ्या नेहमीच्या मशीनवर ती साधारण 0.15 मिमी आहे. प्लाय 2.9 मिमी निघालं तर खाच 2.75 मिमीची काढायची, कापल्यावर ती 2.9 होते. खाचेत बसणारा तुकडा मात्र उलट 0.15 ने मोठा काढायचा.

हे गणित पाठ करण्यापेक्षा एक कंगवा कापून घ्या: एका पट्टीत 2.60 पासून 3.00 पर्यंत, दर 0.05 ला एक, अशा नऊ खाचा. त्यात प्लायचा तुकडा बसवून बघा. बोटाने दाबल्यावर जाईल आणि उलटं धरल्यावर पडणार नाही, ती खाच तुमची. नवं शीट आणलं की नवा कंगवा. पावसाळ्यात मुंबईत कापलेलं प्लाय पुण्याच्या उन्हाळ्यात थोडं सैल होतं, म्हणून खाच फार सैल ठेवू नका.

माझ्या पहिल्या नमुन्यात फासळीचा मधला भाग शेवटी तोडून काढायचा होता. तोडताना अकरातल्या चार फासळ्या मोडल्या. आता दोन्ही बाजूंना 2 मिमीचे पूल ठेवतो आणि त्यावर लेझरने अर्ध्या खोलीपर्यंतच रेघ मारतो. तोडायचं नाही, कटरने रेघेवरून कापायचं.

प्रत्येक भागाचा क्रमांक शीटवरही कोरा आणि भागाच्या झाकल्या जाणाऱ्या बाजूवरही. आणि फासळीची पुढची-मागची बाजू? माझ्या भाचीला नमुना बांधायला दिला, तर तिने पाचवी फासळी उलटी लावली, कारण मधल्या फासळ्या दोन्हीकडून जवळपास सारख्याच दिसतात. पुस्तिकेत ठळक सूचना लिहून काही उपयोग झाला नसता. मी फासळीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा 2 मिमी रुंद केला आणि पाटातली खाचही तशीच केली. आता ती उलटी बसतच नाही.

लाकूड

खरा मचवा सागाचा, म्हणून किटही सागाचं, असा मोह होतो. टाळा. सागाची छिद्रं 1:32 ला खऱ्या फळीवर बोट जाईल एवढी भोकं वाटतात आणि त्यातल्या तेलामुळे गोंदही नीट धरत नाही. हेदू बारीक, एकसारख्या पोताचा आणि पिवळसर असतो. फळ्यांसाठी मला तोच आवडतो. शिवणचं लाकूडही हलकं आणि कामाला सोपं. काळसर कडेसाठी शिसवीची बारीक पट्टी. लाकडी खिळ्यांसाठी बांबूच्या काड्या, त्याला पर्याय नाही.

खरी फळी अडीच सेंटिमीटरची असेल तर प्रमाणात 0.78 मिमी येते. आपण 1 मिमी घ्यायची, नाहीतर घासताना आरपार जाते. रुंदी 5 मिमी. आता कणा ते काठ हे अंतर मधल्या फासळीवर 90 मिमी असेल तर एका बाजूला अठरा पट्ट्या लागतात. नाळेपाशी तेच अंतर 60 मिमी असेल तर प्रत्येक पट्टी तिथे 3.3 मिमीपर्यंत निमुळती करावी लागते. ही संख्या पुस्तिकेत द्याच, ग्राहकाला मोजायला लावू नका. पट्टी निम्म्याहून अरुंद करायची वेळ येत असेल तर रेखाटनातच दोन पट्ट्यांची एक करा. खोक्यात पट्ट्या पंचवीस टक्के जास्त टाका. गरम पाण्यात भिजवून वाकवताना पहिल्या दोनतीन मोडतातच.

नाळेचा तुकडा एकाच फळीतून कापू नका. रेषा आडव्या गेल्या की टोक तुटतं. दोन तुकडे करा, दोघांच्या रेषा आपापल्या लांबीने जाऊ द्या.

शिडाला पातळ मलमल, त्यावर पाणी घातलेला फेविकॉल. दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा हवा असेल तर मेणातून ओढून द्या, नाहीतर त्यावर लव दिसते.

परीक्षा

नमुना दोनदा बांधा. एकदा तुम्ही, एकदा ज्याने आयुष्यात किट उघडलेलं नाही अशा कुणी. दुसऱ्या वेळी समोर बसा, पण तोंड बंद. तो जिथे थांबतो, पान उलटून मागे जातो, तिथे फोटो हवा. जिथे तुम्हाला बोलावंसं वाटतं, तिथे वाक्य हवं.

एखादी ऐतिहासिक नौका करायची असेल तर मचव्यानंतर करा. आंग्र्यांच्या काळातल्या गलबताची अठराव्या शतकातली इंग्रजी वर्णनं आहेत: दोन डोलकाठ्या, मोठ्या काठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड, चाळीस-पन्नास वल्ही, वजन फार तर 70 टन. पण वर्णनातून फासळीचा आकार मिळत नाही. तो तुम्ही ठरवणार, मग पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहा. 1817 साली मुंबईत वाडियांनी सागवानात बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला अजून उभी आहे. तिथे अंदाजाला जागा कमी, पण काम दहापट.

खोक्याची लांबी होडी नव्हे, डोलकाठी ठरवते. आधी काठी मोजा, मग खोकं मागवा. लेझरवाले बहुधा मिनिटावर पैसे घेतात, म्हणून शेजारच्या पट्ट्यांची कड एकच ठेवली तर तेवढा खर्च वाचतो. पहिली खेप दहाची करा, आणि त्यासोबत अकरावा संच कापून घरी ठेवा. सुकाणूचा तुकडा कुणाकडून तरी हरवतोच, आणि तो पाठवताना त्याच शीटचा, त्याच जाडीचा असला पाहिजे.