रील घेताय? रॉड हातात राहणार का स्टँडवर, ते आधी ठरवा

मासेमारीची रील, म्हणजे गळाच्या रॉडवर लाईन (दोरी) गुंडाळायचं यंत्र, घ्यायला दुकानात गेलं की सगळे पहिलं विचारतात, बेअरिंग किती हायत? आणि दुकानदार पण खुशीत सांगतो दहा हायत, तेरा हायत, अन् आपण भारावून पैसे काढतो. बेअरिंगचं नंतर बघू. आधी हे ठरवा की मासा लागेल तेव्हा रॉड तुमच्या हातात असणार का काठावर स्टँडला लावून तुम्ही मागं सावलीत गप्पा मारत बसणार. ल्युअर, म्हणजे खोटं आमिष, फेकायचं, ओढायचं, परत फेकायचं ते स्पिनिंग. गांडूळ नायतर कणकेचा गोळा लावून वाट बघत बसायचं ते बेट. रील दोन्हीला दिसायला सारखीच असते, स्पूल, म्हणजे लाईन गुंडाळायची चकती, समोर आणि त्यावर बेलची तार, म्हणजे लाईन स्पूलवर गुंडाळणारी कमान, पण दोन्हीकडं तिच्याकडनं काम वेगळं करून घ्यायचं असतं.

स्पिनिंगला वजन सगळ्यात महत्त्वाचं. सकाळभर फेकत राहायचं म्हटल्यावर जड रीलनं मनगट जातं. चिलापी, छोटी मरळ, ओढ्यातले बारके मासे यासाठी २५०० साईज घ्या, साधारण अडीचशे ग्रॅमच्या आसपास बसते. त्यावर गिअर रेशो लिहिलेला असतो, ५:१ नायतर ६.२:१ असा. ५:१ म्हणजे हँडल एकदा फिरवलं की बेलची तार स्पूलभोवती पाच फेरे मारते, २५०० च्या रीलवर हँडलच्या एका फेरीत ७०-७५ सेंटीमीटर लाईन आत येते. स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याचा ल्युअर, हळू ओढायला हे बास. ज्याला बेडूक ल्युअर पळवायचाय त्यानं सहाच्या वरचा रेशो बघावा, सैल पडलेली लाईन पटकन आत घेता येते.

पंचगंगेत केंदाळ पसरलं की मरळ त्याच्याखाली दडून बसते, मग तिथं हा सगळा नाजूकपणा चालत नाही. मरळीनं ल्युअर उचलला की तिला वळायला वेळच द्यायचा नसतो, एकदा मुळ्यांत घुसली की गेली. त्यामुळं तिथं ३००० नायतर ४००० ची रील, त्यावर ब्रेडेड म्हणजे विणलेली लाईन, ड्रॅग (मासा ओढायला लागला की लाईन किती ताणावर सुटायची ते ठरवणारा ब्रेक) चांगला घट्ट आणि हँडलचा दांडा जाड. ब्रेडेड जवळपास ताणत नाही म्हणून फटका दिला की तो थेट गळापर्यंत पोचतो. फक्त ती भरायच्या आधी स्पूलवर थोडं साधं तंगूस, म्हणजे नायलॉनची लाईन, गुंडाळा, नायतर ब्रेडेडचा अख्खा गठ्ठा स्पूलवरच गरगर फिरतो आणि तुम्ही हँडल मारत बसता.

आता बेट. रोहू, कटला, सायप्रिनस (कॉमन कार्प) यांच्यासाठी बसायचं असेल तर वजनाचं टेन्शन नाही, रॉड स्टँडवर आहे. इथं लाईन किती मावते आणि ड्रॅग कसा सुटतो हे बघायचं. स्पूलवर ०.३०-१८० असं काहीतरी कोरलेलं असतं, म्हणजे ०.३० मिलिमीटर जाडीचं तंगूस १८० मीटर मावतं. धरणावर लांब फेकायचं आणि मोठा कटला पळायला लागला तर हे कमीच पडतं, म्हणून ५००० नायतर ६००० बघा. बंधाऱ्याच्या खालच्या डोहात बसणाऱ्याला ४००० पुरते.

आणि बेटवाल्यांनो, खरा नाद असेल तर बेटरनर प्रकारची रील घ्या. तिला मागं एक खटका असतो. तो खाली केला की स्पूल हलक्या ताणावर मोकळा फिरतो, मासा पीठ तोंडात धरून पळाला तरी त्याला ओढ जाणवत नाही आणि रॉड पण पाण्यात जात नाही. मग रॉड उचलायचा, हँडल फिरवायचं, खटका आपोआप पडतो आणि मेन ड्रॅग लागतो. साध्या रीलनं पण भागतं, ड्रॅग सैल करून ठेवायचा, पण ऐनवेळी तो किती घट्ट करायचा हे अंदाजावर राहतं. स्पिनिंगला मात्र बेटरनर घेऊ नका, उगाच जड.

ड्रॅग किती लावायचा? लाईनच्या ताकदीच्या चौथा ते तिसरा हिस्सा. सहा किलोचं तंगूस असेल तर दीड ते दोन किलो. लाईन रॉडच्या रिंगांतनं ओवून स्प्रिंगच्या ताणकाट्याला बांधा आणि ओढून बघा, एकदा हाताला अंदाज आला की काटा लागत नाही. खोक्यावर जास्तीत जास्त ड्रॅग आठ किलो, दहा किलो असं मोठं लिहिलंय त्याला भुलू नका, ड्रॅग सुटताना गुळगुळीत सुटला पाहिजे, झटका बसला की पातळ तंगूस तिथंच तुटतं.

दुकानात काय तपासायचं ते सांगतो. हँडल धरून हलवा, लुडबुडत असेल तर ठेवून द्या. जोरात फिरवून एकदम थांबवा, उलटं अजिबात जायला नको. ड्रॅग हलका करून स्पूलवरची लाईन हातानं हळू ओढा, पहिली सुटताना अडते का बघा. बेलच्या तारेच्या टोकाला बारका रोलर असतो तो फिरतो का बघा, तो अडला की लाईन घासली जाते आणि पीळ पण पडतो. एवढं सगळं जमलं की मग विचारा बेअरिंग किती. चांगली चार-पाच असलेली रील भुक्कड दहावालीपेक्षा कधी पण जास्त टिकते.

पीळ पडतोच थोडा. या रीलचं पेटंट १९०५ साली इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थनं घेतलं, गडी कापडाच्या धंद्यातला, आणि सांगतात की कल्पना त्याला गिरणीतल्या बॉबिनवरनं सुचली. इचलकरंजीवाल्यांना समजवायला नको, स्पूल जागेवर आणि सूत टोकावरनं सुटतं. म्हणूनच मासा लाईन घेऊन पळत असताना हँडल मारू नका, प्रत्येक फेऱ्याला पीळ वाढतो. लाईन स्पूलच्या कडेच्या दोनेक मिलिमीटर आतपर्यंत भरा, जास्त भरली की भसाभस सुटून गुंता, कमी भरली की लांब जात नाही. आणि फेकल्यावर बेल हातानं बंद करा.

एकच रील परवडत असेल तर ३००० ची घ्या, पुढं ड्रॅग असलेली, आणि जास्तीचा स्पूल मिळत असेल तर एकावर तंगूस, एकावर ब्रेडेड. बेटकास्टर रील, जिचा स्पूल आडवा असतो आणि फेकताना अंगठ्यानं आवरावा लागतो, ती नव्यानं घेऊ नका, हलका ल्युअर तिच्यावरनं नीट जात नाही आणि अंगठा बसला नाही तर गुंता सोडवण्यात दुपार जाते.

धरणावर बसायचं असेल तर तिथल्या मच्छीमार संस्थेला आधी विचारा, पाणी ठेक्यानं दिलेलं असतं. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत तर परवानगीशिवाय रॉड काढूच नका.

घरी आल्यावर रील बादलीत बुडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची, रोलरला तेलाचा एक थेंब, ड्रॅगच्या वॉशरला तेल अजिबात नको. आणि ड्रॅग सैल करूनच ठेवायचा, घट्ट राहिला की वॉशर दबून बसतात.